आफ्रिकेची संस्कृती टीव्हीनं गिळली? काकांच्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. तोच मला त्याआधी तीन-चार ठिकाणांहून आला होता. शब्द थोडे मागेपुढे, मजकूर एकच: "आफ्रिकेत घरोघरी डिश लागली आणि परदेशी टीव्हीनं तिथली संस्कृती गिळून टाकली. मुलं मायबोली विसरली. शेकोटीभोवती आजी सांगायची त्या गोष्टी बंद झाल्या. मुली गोऱ्या दिसण्याच्या नादी लागल्या. लोक परक्यांची नक्कल करू लागले. त्यांचे स्वतःचे कार्यक्रम बंद पडले. तिथल्या सरकारांनी वेळीच परदेशी वाहिन्या बंद केल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आता आपला नंबर आहे, जागे व्हा."

काका मराठीचे निवृत्त शिक्षक. भाषेसाठी त्यांचा जीव तुटतो हे मी लहानपणापासून बघतो आहे, म्हणून "हे काही खरं नाही" एवढं लिहून सोडून देणं मला जमेना. मी चार वर्षं घानात, टेमा बंदरात नोकरीला होतो. मेसेजमधली ती मुकी, लुटली गेलेली आफ्रिका मला तिथे दिसली नाही. शिवाय त्या मजकुरात माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जणू स्वतःची बुद्धीच नाही असं धरलेलं आहे, आणि ते मला फार लागलं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी "परदेशी" म्हणजे कोण ते पाहू

मेसेज वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर अमेरिका येते. मी टेमात होतो तेव्हा संध्याकाळचा परदेशी टीव्ही मुंबईहून आलेला होता.

कंपनीच्या गाडीतून उतरलो की कोपऱ्यावर एक बाई केंकी विकायला बसलेली असे. मक्याचं पीठ आंबवून, त्याचे गोळे मक्याच्या सालांत गुंडाळून वाफवतात, ती केंकी. सोबत तळलेली मासळी आणि शिटो नावाची काळी, झणझणीत चटणी. पातेल्याच्या मागे एका स्टुलावर तिचा छोटा टीव्ही. त्यावर 'कुमकुम भाग्य' लागायची, अडोम टीव्ही या तिथल्या वाहिनीवर, ट्वी भाषेत. नायिका प्रज्ञाचे ओठ हिंदी बोलायचे आणि कानावर यायची ट्वी. गिऱ्हाईक उभं असलं तरी आंटीची नजर तिकडेच. मला बघितलं की ती म्हणे, "इंडिया, तुमच्याकडे पुढचे भाग होऊन गेलेत ना? खरं सांग, अभी आणि प्रज्ञा एकत्र येतात की नाही?" मी ती मालिका कधी पाहिली नव्हती. नाशिकला माझी आई मात्र रोज पाहायची. मग आईला फोन करून विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी आंटीला सांगायचं, असे कित्येक महिने गेले. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण आलिया या नणंदेवर दोघींचा राग सारखाच होता.

बाकी मतं मात्र सारखी नव्हती. प्रज्ञा सासरी एवढं सोसते का, हे आंटीला कधीच पटलं नाही. "आईचं घर आहे, आईचा लग्नाच्या हॉलचा धंदा आहे. तिथे जाऊन बसावं, काम करावं. नवऱ्याला गरज असेल तर येईल तो." ती गा समाजाची. जुन्या अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, गा लोकांमध्ये लग्नानंतरही बायका आपल्या आईकडच्या घरात राहत आणि पुरुष पुरुषांच्या घरात. आंटीच्या डोक्यात घराचं हे चित्र पक्कं होतं. मालिका तिच्या घरात आली आणि तिनं ती आपल्या मापानं मोजली.

२०१५ मध्ये झी वर्ल्ड ही वाहिनी आफ्रिकेत सुरू झाली आणि आपल्या मालिका इंग्रजीत डब होऊन केपटाउनपासून लागोसपर्यंत पोचल्या. इथिओपियात तुर्की मालिका गाजल्या. टांझानियाच्या सरकारी वाहिनीवर २०११ मध्ये एक चिनी सासू-सुनेची मालिका स्वाहिली भाषेत लागली आणि इतकी चालली, की २०१३ मध्ये दार-ए-सलामच्या भाषणात शी जिनपिंग यांनी तिचा उल्लेख केला. अंगोलात ब्राझीलच्या मालिकांचं वेड असं, की लुआंडातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजाराला लोकांनी 'रोकी सांतेइरो' हे मालिकेचंच नाव दिलं. २०१० मध्ये तो बाजार तिथून हलवेपर्यंत तेच नाव चाललं.

तेव्हा काका, "परदेशी टीव्हीनं गिळलं" म्हणताना त्या गिळणाऱ्यांच्या यादीत आपणही आहोत. हे धरूनच पुढचं वाचा.

"मुलं मायबोली विसरली"

हा मुद्दा काकांना सगळ्यांत जास्त झोंबला होता, आणि मेसेज सगळ्यांत जास्त चुकतो तो इथेच.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. शाळेच्या आवारात गिकुयु ही मायबोली बोलताना मूल सापडलं, की छड्या बसायच्या, नाहीतर "मी गाढव आहे" असं लिहिलेली पाटी गळ्यात अडकवायचे. ही गोष्ट १९५० च्या दशकातली. केनियात टीव्ही आला १९६२ मध्ये. म्हणजे मायबोलीची लाज वाटायला लावण्याचं काम टीव्हीच्या आधी शाळेनं उरकलं होतं. आणि ते वसाहतीबरोबर संपलंही नाही. घानात २००२ मध्ये सरकारनं पहिलीपासून सगळं इंग्रजीतून शिकवायचं ठरवलं, पुढे काही वर्षांनी तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो निर्णय कुठल्याही मालिकेनं घ्यायला लावलेला नव्हता. नोकरी इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत. टेमात माझ्या हाताखालची मुलं आपसात चार भाषा बोलायची आणि अर्ज लिहायची वेळ आली की इंग्रजीकडे वळायची. आपल्याकडे हे काय वेगळं आहे?

उलट डबिंगनं काय झालं ते बघा. अदिस अबाबात २०१६ मध्ये काना नावाची वाहिनी सुरू झाली. परदेशी मालिका अम्हारिकमध्ये डब करून दाखवणं हे तिचं मुख्य काम. त्यासाठी डझनावारी तरुण इथिओपियन मुलामुलींना आवाज देण्याचं, भाषांतराचं, ध्वनिमुद्रणाचं काम मिळालं. प्रेमात पडलेला माणूस, कंपनीच्या मीटिंगमध्ये भांडणारा माणूस, पोलिस ठाण्यात उलटतपासणी घेणारा माणूस अम्हारिकमध्ये कसा बोलेल, हे त्यांना रोज ठरवावं लागलं. जी भाषा रोज असं नवं काम करते ती मरायला टेकलेली नसते.

युगांडाचं उदाहरण तर मला फारच आवडतं. कंपालाच्या वस्त्यांमध्ये फळ्या ठोकून उभे केलेले व्हिडिओ हॉल असतात. त्यांना 'बिबांडा' म्हणतात. आत बाकं, पुढे टीव्ही, आणि कोपऱ्यात माइक घेऊन बसलेला व्हीजे. चित्रपट हॉलिवूडचा, हाँगकाँगचा, आपला, कुठलाही असो. व्हीजे तो लुगांडा भाषेत चालता चालता सांगतो. नुसतं भाषांतर करत नाही. परदेशातल्या गल्लीला कंपालातल्या वस्तीचं नाव देतो, खलनायकाला टोमणे मारतो, हिरोला सल्ला देतो, मधेच म्हण टाकतो. लोक तिकीट काढतात ते बऱ्याचदा व्हीजेचं नाव बघून, आणि गाजलेल्या व्हीजेंच्या आवाजातल्या सीडी वेगळ्या विकल्या जातात. टांझानियात लुफुफु या नावानं प्रसिद्ध असलेला कथेकरी हेच स्वाहिलीत करायचा. गावातला गोष्ट सांगणारा माणूस इथे पडद्याशेजारी येऊन बसला आहे. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावताना पुराणातल्या राजाला गावच्या पाटलाच्या तोंडची वाक्यं देतात, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते तीही सांगतो. केंकीवाली आंटी गा. तिचा टीव्ही ट्वी बोलायचा. तिची सहा-सात वर्षांची नात आजीनं गा भाषेत हाक मारली की ट्वीत उत्तर द्यायची. अक्रा ही मुळात गा लोकांची भूमी, पण शहर वाढलं, आतल्या भागांतून ट्वी बोलणारे अकान लोक आले, बाजाराची भाषा ट्वी झाली आणि गा मागे पडत गेली. डबिंग होतं तेही ज्या भाषेचं गिऱ्हाईक मोठं तिच्यात. टांझानियात शंभरावर भाषा आहेत, चिनी मालिका डब झाली ती स्वाहिलीत. छोट्या भाषांची ही घुसमट खरी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. पण तिचा आरोपी परदेशी टीव्ही नाही. शेजारची मोठी भाषा, शहर, बाजार, शाळा यांच्याकडे बोट दाखवावं लागेल, आणि तसं बोट दाखवणारा मेसेज कुणी पाठवत नाही.

"शेकोटीभोवतीच्या गोष्टी बंद झाल्या"

घानाच्या लोककथांत अनान्से नावाचा आठ पायांचा कोळी आहे. सगळ्यांना फसवणारा, कधीकधी स्वतःच फसणारा. त्याच्या गोष्टी आजी सांगायच्या, संध्याकाळी, हे खरं. ते कमी झालं हेही खरं. का झालं? टेमाचंच घ्या. १९६० च्या दशकात इथे बंदर आणि कारखाने झाले, खेड्यातली तरणी माणसं कामाला आली, एका खोलीत राहू लागली. आजी गावी राहिली. मूल शिकायला निघालं की घानात पुष्कळदा वसतिगृहाच्या शाळेत जातं, वर्षातले कित्येक महिने घराबाहेर. आजी एका गावी आणि नातू दुसऱ्या, मग गोष्ट सांगणार कुणाला? खोलीत टीव्ही नसता तरी तिथे आजी नव्हतीच.

आणि गोष्टी काही गप्प बसल्या नाहीत. घानाच्या सरकारी वाहिनीवर मामे डोकोनो यांचा मुलांना गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम पुष्कळ गाजला. तिथली एक अख्खी पिढी त्याचं नाव काढलं की हसते. नायजेरियाच्या सरकारी वाहिनीवर १९८० च्या दशकापासून चांदण्यातल्या गोष्टींचा कार्यक्रम चालला, मुलं जमिनीवर बसलेली आणि मधे गोष्ट सांगणारी बाई. गावोगाव फिरणाऱ्या 'कॉन्सर्ट पार्टी' नावाच्या नाटकमंडळ्या घानात होत्या, आपल्या तमाशाच्या फडासारख्या, गाणं, विनोद, रडारड सगळं एकत्र. त्यांची परंपरा टीव्हीवर आली. 'ओसोफो डाड्झी' ही अकान भाषेतली नाटकं १९७० आणि ८० च्या दशकांत लोक रस्ते ओस पाडून पाहायचे, असं माझ्या ऑफिसातले वयस्क सहकारी डोळे चमकवत सांगायचे. तेव्हा टीव्ही संच गल्लीत एखाद्याकडेच असे, आणि त्याच्या अंगणात अख्खी गल्ली जमायची.

"मुली गोऱ्या दिसण्याच्या नादी लागल्या"

हा प्रश्न गंभीर आहे. त्या मलमांत पारा आणि हायड्रोक्विनोन असतं, कातडी जळते, मूत्रपिंडं जातात. पण दक्षिण आफ्रिकेत ही मलमं १९५० आणि ६० च्या दशकांत धडाक्यानं विकली जात होती, मासिकांत पानभर जाहिराती येत होत्या, आणि त्या देशात टीव्ही सुरू झाला १९७६ मध्ये. कातडीच्या रंगावर जिथे घर, नोकरी, बसमधली जागा ठरत होती तिथे उजळ दिसावंसं वाटायला टीव्हीची गरज नव्हती. त्याच देशानं १९९० च्या सुमारास अशा मलमांवर जगात सगळ्यांत कडक बंदी आणली, तीही तिथल्या डॉक्टरांच्या आणि चळवळीतल्या लोकांच्या रेट्यामुळे.

आपल्या मालिका यात निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. नायिका गोरीच पाहिजे हा हट्ट मुंबईनं बाहेर पाठवला आहे, आणि त्याबद्दल आपण बोललं पाहिजे.

दिसण्याचा विषय निघालाच आहे, तर कपड्यांचंही थोडक्यात सांगतो. ज्या रंगीत छापील कापडाला आज सगळे "आफ्रिकन" म्हणून ओळखतात, ते मुळात जावाच्या बाटिकची नक्कल करून हॉलंडच्या कारखानदारांनी आणलं. घानाच्या बायकांनी त्यातल्या एकेका नक्षीला आपल्या म्हणींची नावं दिली आणि कापड आपलं करून टाकलं. केंटे हे तर असांते लोकांचं राजवस्त्र. त्यासाठी जुने विणकर परदेशी रेशमी कापड उसवून त्याचा धागा काढून घेत.

"लोक परक्यांची नक्कल करू लागले"

यासाठी कानोला जावं लागेल. उत्तर नायजेरियातलं हे हौसा मुसलमानांचं जुनं व्यापारी शहर. इथे हिंदी चित्रपट १९५० च्या दशकापासून लागत आहेत, लेबनीज वितरकांनी आणलेले. 'मदर इंडिया' तिथे दशकानुदशकं पुन्हा पुन्हा लागत राहिला. थिएटरात जायची सोय नसलेल्या बायकांपर्यंत हे चित्रपट टीव्ही आणि व्हिडिओनं पोचवले. मानववंशशास्त्रज्ञ ब्रायन लार्किन यांनी १९९० च्या दशकात तिथे राहून यावर काम केलं आणि एक साधा प्रश्न विचारला: ज्यांना हिंदी येत नाही, ज्यांचा भारताशी काही संबंध नाही, त्यांना हे चित्रपट एवढे का आवडावेत?

उत्तर हौसा प्रेक्षकांनीच दिलं. या चित्रपटांत अंगभर कपडे आहेत, थोरामोठ्यांचा मान आहे, आईबापांनी ठरवलेलं लग्न आणि मनातलं प्रेम यांची ओढाताण आहे. ही ओढाताण त्यांच्या घरात चालू होती आणि अमेरिकन चित्रपटांत तिचा पत्ता नव्हता. हौसा मुलामुलींना अमेरिकेसारखं न होताही नव्या काळाचं होता येतं, हे हिंदी पडद्यावर दिसलं. नावं मात्र त्यांनी आपली ठेवली. गोविंदाला ते 'सारकिन रावा' म्हणत, नाचाचा राजा. संजय दत्तला 'दान दाबा माय लासिन', परवाना असलेला गुंड.

आणि पुढे काय झालं? नुसती नक्कल झाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. कानोच्या बाजारात हौसा भाषेतल्या छोट्या प्रेमकादंबऱ्यांची लाटच आली. 'लित्ताताफान सोयाय्या', प्रेमाची पुस्तकं. लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ. बालाराबा रामात याकुबू हे त्यांतलं ठळक नाव. बळजबरीची लग्नं, सवती, बायकोला घराबाहेर काढणारे नवरे यांबद्दल त्यांनी हौसात लिहिलं. त्यांच्या एका कादंबरीचं इंग्रजी भाषांतर २०१२ मध्ये चेन्नईच्या एका प्रकाशनानं छापलं. सूफी मंडळींनी हिंदी सिनेमाच्या चाली घेतल्या आणि त्यांवर प्रेषितांच्या स्तुतीची हौसा गीतं रचून डफांच्या ठेक्यावर म्हणायला सुरुवात केली. त्या गाण्यांना 'बांदिरी' म्हणतात. आपल्याकडे भजनीमंडळं सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात, तसंच. आणि कानोत हौसा चित्रपटांचा स्वतःचा धंदा उभा राहिला, कॅनीवुड. त्यात गाणी आहेत, नाच आहे, पण भाषा, घरं, भांडणं कानोची.

या कॅनीवुडला आणि या कादंबऱ्यांना सगळ्यांत मोठा तडाखा बसला तो घरच्यांकडूनच. शरिया लागू झाल्यावर २००१ मध्ये कानो राज्यात सेन्सॉर मंडळ आलं, चित्रपटांतल्या नाचगाण्यांवर बंधनं आली, आणि २००७ मध्ये मुलींच्या एका शाळेत या हौसा पुस्तकांची जाहीर होळी झाली. मायबोलीत लिहिलेली, बायकांनी लिहिलेली, मुलींनी वाचलेली पुस्तकं संस्कृती वाचवण्याच्या नावाखाली जाळली गेली. हे वाचल्यापासून "संस्कृती वाचवा" असा मेसेज आला की मी आधी विचारतो, कुणापासून?

"त्यांचे स्वतःचे कार्यक्रम बंद पडले"

इथे मेसेजचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते अर्धं मी दाबून सांगतो.

हिशोब असा. मुंबईत तयार झालेल्या मालिकेचा खर्च भारतातल्या जाहिरातींतून निघालेला असतो. तीच मालिका बाहेर विकताना मिळेल तो पैसा वरकड. अक्राच्या वाहिनीला शेकडो भाग तयार मिळतात. तेच घानात एक भाग काढायचा तर नट, कॅमेरा, प्रवास, जेवण, आणि मी होतो त्या काळात जनरेटरचं डिझेल. २०१५-१६ मध्ये घानात विजेची अशी बोंब होती, की त्यासाठी 'डुमसोर' असा शब्दच रुळला, वीज जाणं आणि येणं. कुमासीत ट्वी भाषेतले चित्रपट काढणारा 'कुमावुड' नावाचा जिवंत धंदा होता. त्यातल्या कलावंतांनी उघडपणे सांगितलं, की परदेशी मालिकांनी आमच्या पोटावर पाय आणला. इथिओपियातही काना आल्यावर तिथले निर्माते आणि नट असेच संतापले. मला त्यांचा राग रास्त वाटतो. आपल्या मालिकांनी तिथल्या कलावंताचं काम हिरावून घेतलं असेल, तर या मालिकांतून मिळणाऱ्या पैशातला किती वाटा तिथल्या निर्मितीत घालता, हा प्रश्न आपल्या कंपन्यांना विचारला पाहिजे.

पण हा पैशाचा प्रश्न आहे आणि त्याची मुळं जुनी आहेत. नायजेरियात १९५९ मध्ये इबादानला टीव्ही सुरू झाला, आणि १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे देशी मालिका धो धो चालत होत्या. १९८६ मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या अटींनुसार अर्थव्यवस्था बदलली, नायरा या तिथल्या चलनाची किंमत कोसळली, वाहिन्यांकडे मालिका काढायला पैसा उरला नाही, आणि मग स्वस्तातल्या लॅटिन अमेरिकन मालिका आल्या. आधी खिसा रिकामा झाला, पाहुणे नंतर आले. बातम्या आणि चित्रफिती श्रीमंत देशांकडून एकाच दिशेनं वाहतात, ही तक्रार युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानं १९८० मध्येच नीट मांडली होती. त्यातली विषमता खरी होती आणि आहे.

आणि त्याच कोसळलेल्या नायजेरियात १९९२ मध्ये काय घडलं? केनेथ न्नेबुए या कॅसेटच्या व्यापाऱ्यानं साध्या व्हिडिओवर इग्बो भाषेत 'लिव्हिंग इन बाँडेज' काढला आणि त्याच्या कॅसेट बाजारात विकल्या. तिथून नॉलिवूड वाढलं. आज ते संख्येनं जगातल्या मोठ्या चित्रपटधंद्यांत आहे. इतकं मोठं, की शेजारच्या घानात आणि दूरच्या टांझानियात "नायजेरियन चित्रपट आमची संस्कृती बिघडवतात" अशी ओरड झाली. मेसेजमधला बिचारा आफ्रिकन इथे स्वतःच परदेशी टीव्ही होऊन बसला आहे.

"सरकारांनी परदेशी वाहिन्या बंद करायला हव्या होत्या"

हे करून झालं आहे, आणि कुणी केलं ते ऐकाच.

दक्षिण आफ्रिका हा तेव्हाही आफ्रिकेतल्या श्रीमंत देशांपैकी एक. तिथल्या वर्णद्वेषी सरकारनं १९७६ पर्यंत टीव्ही येऊच दिला नाही. अल्बर्ट हर्टझोग हे टपाल आणि तार खात्याचे मंत्री टीव्हीला सैतानाची पेटी म्हणायचे. बाहेरचे कार्यक्रम येतील, कम्युनिझम येईल, अनीती येईल, गोरे-काळे मिसळलेले दिसतील, सत्ताधारी गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा आणि संस्कृती बुडेल, अशी त्यांची कारणं. १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरला तेव्हा तिथल्या लोकांना ते घरी बसून बघता आलं नाही. काकांच्या मेसेजमधला प्रत्येक शब्द त्या सरकारनं वापरून झाला आहे. त्या काळात झुलू, खोसा, सोथो, त्स्वाना भाषांसाठी टीव्ही आला तो १९८२ मध्ये, गोऱ्यांच्या नंतर सहा वर्षांनी. बंदीनं राखलेली संस्कृती कुणाची होती ते यातून कळतं.

लोकशाहीतही एक प्रयोग झाला. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेनं एका फटक्यात रेडिओवर ९० टक्के देशी संगीत आणि आपल्या तिसऱ्या वाहिनीवर ८० टक्के देशी कार्यक्रम करायचं ठरवलं. हेतू चांगला होता, पण कार्यक्रम तयार करायला ना वेळ दिला ना पैसा. श्रोते-प्रेक्षक गेले, जाहिराती गेल्या, आणि वर्षभरात निर्णय फिरवावा लागला. त्याच संस्थेच्या पहिल्या वाहिनीवर २०१५ पासून 'उझालो' चालू होती. डर्बनजवळच्या क्वामाशू वस्तीतली, बहुतेक झुलू भाषेत. कुणावरही बंदी न घालता ती देशातली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका झाली, कारण तिच्यामागे पैसा होता, लिहिणारे होते आणि रोजची ठरलेली वेळ होती.

शेवटचं उदाहरण सेनेगलचं. २०१९ मध्ये डाकारमध्ये कालिस्ता सी या लेखिकेनं वोलोफ भाषेत एक मालिका लिहिली. विवाहित पुरुषाशी संबंध असलेली बाई, तिच्या मैत्रिणी, त्यांची लग्नं, नोकऱ्या, नवऱ्यांचा मार. यूट्यूबवर एकेक भाग लाखो लोकांनी पाहिला, परदेशी गेलेल्या सेनेगलींनीही. लगेच जामरा या धार्मिक संघटनेनं सरकारी नियामकाकडे तक्रार केली, की या मालिकेनं समाजाची नीती बिघडते. लेखिका सेनेगलची, नट सेनेगलचे, भाषा वोलोफ, गल्ल्या डाकारच्या. बाहेरून आलेलं त्यात काही नव्हतं, आणि तक्रार शब्दाला शब्द काकांच्या मेसेजसारखी होती.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मग त्या आंटीच्या नातीच्या गा भाषेचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.